मे महिन्यात बाग बघायला जायचं? हो, बुऱ्हाणपूरला

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडची माणसं केळीच्या बागेत जातात ती कामाला. ड्रिपच्या नळ्या कुठे खारींनी कुरतडल्यात का, घडांवर ऊन येतंय का, पश्चिमेच्या बाजूची शेवरी वाळली का, एवढं बघायचं आणि दहाच्या आत घरी यायचं. फिरायला म्हणून बागेत जाणं हा प्रकारच आमच्याकडे नाही, त्यात पारा 45 च्या पुढे असताना तर नाहीच नाही. त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्यावर मी जेव्हा जाहीर केलं की आपण सगळे बुऱ्हाणपूरला आहूखाना, म्हणजे मुघलांची हरणांची बाग, बघायला जायचं, तेव्हा काकूने हातातला खापरावरचा मांडा तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या उनात कुठी चालले वं?" मग भाऊ म्हणाला की अगं डिसेंबरमध्ये जाऊ ना, थंडीत जातात बागा बघायला, आणि हे सगळं ऐकून माझा हट्ट अजूनच वाढला.

कारण माझं म्हणणं असं आहे की मुघलांची ही उन्हाळी बाग डिसेंबरमध्ये बघण्यात काही अर्थच नाही. थंडीत तुम्हाला फक्त पडक्या भिंती दिसतात, चार कमानी आणि एक कोरडा हौद. ती भिंत तिथेच का, कमान त्याच बाजूला का, हौद बसायच्या जागेसमोरच का, हे कळायला अंगाची लाही व्हायला लागते, आणि ती सोय खान्देशात फुकट आहे.

आधी जरा जागा सांगते, कारण जळगाव-धुळ्याच्या लोकांनासुद्धा हे ठिकाण फारसं माहीत नसतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, 2003 पासून स्वतंत्र जिल्हा. पण जुन्या खान्देशची राजधानी हीच, धुळे नाही आणि जळगाव तर अजिबात नाही. फारुकी सुलतानांनी सुरुवात केली ती आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरहून, मलिक राजाने 1382 मध्ये स्वतःचं राज्य उभं केलं, त्यांच्या कबरी अजून थाळनेरला तापीकाठी आहेत. पुढे त्याच्या मुलाने वर, म्हणजे तापीच्याच काठाने पूर्वेला जाऊन, बुऱ्हाणपूर वसवलं. नदीच्या उत्तरेला बुऱ्हाणपूर आणि समोरच्या काठावर झैनाबाद, ही दोन्ही नावं दोन सूफी संतांची, बुऱ्हाणुद्दीन आणि झैनुद्दीन, आणि गंमत म्हणजे दोघांचेही दर्गे खुलताबादला आहेत, त्यातल्या झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर. हा औरंगजेब या बागेत पुढे एकदा येणारे, तेव्हा लक्षात ठेवा. इंग्रजांच्या काळात खान्देश जिल्हा झाला त्याचं ठाणं धुळ्याला गेलं, 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले, आणि बुऱ्हाणपूर तर त्याआधीच निमाडकडे गेलेलं, असं करत करत खान्देशची राजधानी खान्देशच्या नकाशातूनच बाहेर पडली. चोरवडचा नाका ओलांडला की पाट्या हिंदीत होतात, एवढाच काय तो फरक, बाकी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच केळी, तेच ट्रक, तीच घड वाहणारी माणसं, आणि बाजारात मराठीत बोललं तरी कोणी वळून बघत नाही.

तर आहूखाना हा या झैनाबादच्या बाजूला. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला, फारुकी संपले, आणि त्याने खान्देश आपला धाकटा मुलगा दानियाल याला दिला, इतकंच नाही तर सुभ्याचं नावच बदलून दानदेश करून टाकलं. (ते नाव काही टिकलं नाही, आपल्या लोकांनी मनावर घेतलं नसणार.) हा दानियाल शिकारीचा भारी शौकीन. शाही किल्ला तापीच्या उत्तर काठावर, त्याच्या गच्चीवरून समोर बघितलं की नदी आणि पलीकडे हिरवं रान, तर त्या रानात त्याने भिंत घालून हरणं सोडली आणि बसायला-उतरायला महाल बांधला. म्हणजे शहरातल्या किल्ल्याचा कंटाळा आला की नदी ओलांडून जायचं घर. दानियालला ते फार दिवस लाभलं नाही, 1605 मध्ये तिशी ओलांडली नाही तोच दारूपायी बुऱ्हाणपुरातच गेला. दारूवर बंदी घातलेली, पहारे बसवलेले, तर नोकराने त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून आत नेऊन दिली, असं त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. नळीतला गंज त्यात उतरला होता म्हणे. भावाने हे ऐकून म्हटलं, आपल्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्रीसुद्धा एवढं डोकं कोणी लावत नाही.

आम्ही सकाळी सातला निघालो. मी, भाऊ, वहिनी, माझी मुलगी, भाचा, आणि ऐन वेळी अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. ते येतील असं वाटलं नव्हतं कारण पडक्या इमारती बघायला जाणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. पण "बादशहाचा बाग होता, मंग पानी कुठून आनत होते?" एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला आणि गळ्यात बागायती रुमाल टाकून पुढच्या सीटवर जाऊन बसले. साठ वर्षं केळी केलेला माणूस, त्याला मुमताजमध्ये काय रस असणार, पाण्यातच असणार.

बुऱ्हाणपूरच्या गर्दीतून वाट काढत नदीकडे जाताना राजघाटाजवळ जरा थांबलो. उन्हाळ्यात तापी इथे पार खाली गेलेली असते आणि पात्रातला तो दगडी हत्ती पूर्ण उघडा पडतो. खडकातूनच कोरलेला. मुलांनी त्याच्यावर चढून फोटो काढले. पात्रात पलीकडे टरबूज-डांगरांच्या (डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज) वाड्या होत्या, तिथून दोन डांगरं घेतली, मग पूल ओलांडून झैनाबाद. तिथे शेवटी एका पोराला विचारायला लागलं, तो म्हणाला "मुमताज की कबर? सीधे जाओ."

इथेच माझी पहिली चिडचिड सुरू होते. आहूखाना विचारला तरी उत्तर मुमताजच्या कबरीचं मिळतं. रील बघा, व्हिडिओ बघा, सगळीकडे तेच, ताजमहालाच्या आधीची कबर, अधुरी प्रेमकहाणी, आणि मागे ती रडकी बासरी. कबरीची गोष्ट खरी आहे, नाही कोण म्हणतंय. 17 जून 1631 ला मुमताज महल बुऱ्हाणपुरात गेली, चौदाव्या बाळंतपणात, मुलगी जगली, तिचं नाव गौहरआरा. तात्पुरतं दफन तापीपलीकडच्या या झैनाबादच्या बागेत झालं, आणि डिसेंबरमध्ये शाहजादा शुजाबरोबर शव आग्र्याला नेलं. नेमकी जागा कोणती यावर स्थानिक लोकांत अजून वाद आहेत, कोणी बारादरी, म्हणजे कमानींचा मंडप, दाखवतं तर कोणी जवळचीच दुसरी एक पडकी इमारत, आणि दोघांचाही आवाज सारखाच चढलेला असतो. पण सहा महिन्यांच्या त्या एका मुक्कामापायी बाकी सगळी बाग झाकली गेली हे काही मला पटत नाही. लोक येतात, बारादरीत फोटो काढतात, "बस इतना ही है?" म्हणतात आणि जातात. बागेला बाग म्हणून बघायला कोणी येतच नाही.

आणि बाळंतपणाचीच गोष्ट करायची तर मग त्या वर्षीची पूर्ण करा ना. 1630 ला पाऊस पडलाच नाही. गुजरात, खान्देश आणि दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला तो 1632 पर्यंत चालला. आपल्याकडे तुकोबांच्या घरात माणसं गेली ती याच दुष्काळात. शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले तेही 1630 च्याच फेब्रुवारीत, म्हणजे महाराजांचं तान्हेपण या दुष्काळात गेलं. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी तेव्हा सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरकडे आला, त्याने वाटेवर पडलेल्या प्रेतांचं जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. शाहजहान मोहिमेसाठी फौजफाटा घेऊन नेमका बुऱ्हाणपुरात बसलेला. त्याने लंगर उघडले, दर सोमवारी 5000 रुपये वाटले, सारा माफ केला, हे सगळं दरबारी इतिहासात आहे, पण एवढं लष्कर, हत्ती, घोडे, उंट या दुष्काळी मुलखातच पोसले जात होते हेही आहेच की. अशा उन्हाळ्याच्या शेवटी बादशहाच्या बायकोसाठी जागा सापडली ती हिरवी बाग. म्हणजे त्या सालातही इथे पाणी असणार. अप्पांचा प्रश्न फिरून तिथेच येतो.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतो तो उजाडपणा, तो लपवून उपयोग नाही. बाभळी, काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड. कमानींचा गिलावा बऱ्याच ठिकाणी गेलाय आणि आतल्या विटा उघड्या पडल्यात, आपल्या हल्लीच्या विटांसारख्या जाड नाहीत, पातळ आणि चपट्या, पोळीच्या डब्यात मावतील एवढ्या. जिथे चुना शाबूत आहे तिथे हात लावला तर दुपारीसुद्धा गार लागतो. भिंतींवर अर्थातच पिंकीचं नाव, राहुलचं नाव, बाण मारलेलं बदाम. वहिनी म्हणाली इथे गुलाब असतील गं पूर्वी, आणि मला ते एकदम डोळ्यासमोर येईना, कारण त्या क्षणी तिथे गुलाबी रंगाची एकच वस्तू होती आणि ती म्हणजे वेफरचं पाकीट.

पण थोडं थांबून बघितलं की मांडणी कळायला लागते. मुघल बागेचं एक साधं सूत्र असायचं. चालायच्या वाटा उंच आणि झाडांचे वाफे खाली. पाणी वाटेच्या कडेच्या पाटातून येणार, वाफ्यात उतरणार, वाफा भरला की पुढच्यात. झाडं खोलात असल्यामुळे चालणाऱ्या माणसाच्या हाताशी फुलं-फळं येतात आणि पाय मात्र कोरडे. हे मी पुस्तकातून वाचून भाच्याला समजावून सांगत होते तेव्हा अप्पा मधेच म्हणाले, हे काय नवीन सांगतेस, ड्रिप यायच्या आधी आमची बारी अशीच तं होती. बरोबरच आहे. पाट, बारे, वाफे, रात्री कंदील घेऊन पाण्याचं बारं फोडायला जाणं, ज्याने हे केलंय त्याला बागेचा नकाशा शिकवायची गरज नाही. फरक इतकाच की पाणी इथे पिकाला जाता जाता माणसाच्या डोळ्यासमोरून आणि पायाखालून फिरवलं जायचं, त्याचा आवाज ऐकायला, त्याचा गारवा घ्यायला.

मग अप्पांनी जे केलं ते मला फार आवडलं. हौदाच्या बाजूला दगडी कडेची एक जुनी पन्हळ आहे, मातीने अर्धी बुजलेली. ते उकिडवे बसले, काडीने हातभर लांबीची माती उकरून काढली, तळाचा दगड रुमालाच्या टोकाने पुसला आणि बाटलीतलं पाणी अगदी बारीक धारेने त्यावर ओतलं. पाणी आधी जागच्या जागी पसरलं, दगड तापलेला असल्याने कडेने लगेच सुकायला लागलं, मग त्याची एक जीभ निघाली आणि हळूहळू हौदाच्या दिशेने सरकत गेली. बोटभर पुढे, मग वीतभर. डोळ्यांना तर तो दगड सपाट दिसत होता. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग भावाकडे बघून म्हणाले, "लेव्हल पाह्य." पाईपलाईन टाकणाऱ्या कंत्राटदाराशी ते ज्या सुरात बोलतात त्याच्या बरोब्बर उलटा सूर होता तो. आमच्या मळ्यात लेझर लावून टाकलेली लाईन दोन ठिकाणी हवा धरते, त्यावरून भावाला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

साडेअकरापर्यंत ऊन असं काही चढलं की मुलं आपोआप कमानींच्या सावलीत येऊन बसली. आणि मी ज्यासाठी मे महिन्याचा हट्ट धरला होता ते आता सुरू झालं. खान्देशचा उन्हाळा कोरडा असतो, मुंबईसारखा घामट नाही. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकतं आणि सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं, आपला वाळ्याचा कूलर याच्यावर तर चालतो आणि म्हणूनच तोच कूलर मुंबईत नेला की नुसता दमट वारा फेकतो. तर ही बागच एक मोठा कूलर आहे असं समजा. समोर हौद, हौदावरून वारा आला की तो गार होऊन कमानीतून आत शिरणार, आत जाड भिंती आणि चुना, त्यामुळे आत आलेला गारवा टिकणार. अकबराच्या काळात वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडायची पद्धत होती, त्या खोल्यांना खसखाना म्हणायचे, म्हणजे कूलरच्या जाळीचं काम तेव्हा नोकर करत होते. आता हौद कोरडा, मग हे पटवून कसं द्यायचं? भावाने अप्पांचा रुमाल मागितला, उरलेल्या पाण्यात पिळून काढला आणि कमानीत, वारा यायच्या बाजूला, दोन टोकं धरून ताणून उभा राहिला. त्याच्या मागे आम्ही सगळे एकमेकांना ढकलत. खोटं नाही सांगत, तिथे जी झुळूक लागली तशी मला घरच्या एसीतसुद्धा लागत नाही. दहा मिनिटांत रुमाल कडकडीत वाळला, मग पुन्हा भिजवायचा, आता भाच्याची पाळी. हाताला रग लागल्यावर तो म्हणाला, आत्या, म्हणजे बादशहाकडे हे करायला किती माणसं असतील?

पाणी कुठून यायचं त्याचं उत्तर अप्पांना नदीपलीकडे परत आल्यावर मिळालं, म्हणजे पूर्ण नाही, पण मुख्य गोष्ट कळली. बुऱ्हाणपूरला जाऊन कुंडी भंडारा, म्हणजे शहराला पाणी आणणारं मुघलांचं भुयार, न बघता येणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं. अब्दुल रहीम खान-ए-खानान, म्हणजे हिंदीच्या पुस्तकातल्या दोह्यांचे तेच रहीम, इथले सुभेदार होते, आणि त्यांच्या काळात 1615 मध्ये इराणी जाणकाराकडून हे काम करून घेतलं गेलं. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे, वाळू, मुरुम यांचा एक जाड पट्टा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस या पट्ट्यात मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत येतो. हेच पाणी मध्येच अडवायचं, अगदी थोडा उतार दिलेल्या भुयारात घ्यायचं आणि कुठलीही मोट, कुठलाही रहाट न लावता शहराकडे आणायचं. भुयारात हवा खेळावी, आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून वर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या गोल कुंड्या, शंभराच्या वर. लिफ्टने खाली सोडतात, साधारण 80 फूट. खाली उतरल्यावर पाण्यातून चालायचं. चारशे वर्षांत झिरपत्या पाण्यातल्या चुन्याचे थर भिंतींवर चढून भुयार पांढरं झालंय, डोक्यावर टपटप थेंब, आणि वर 45 डिग्री आहे हे पार विसरायला होतं. हे पाणी शहराच्या बाजूचं, झैनाबादच्या बागेला वेगळी सोय असणार, पण डोकं तेच. उताराला कामाला लावायचं.

अप्पा खाली उतरले नाहीत, गुडघे. वर कुंडीच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाशी हिंदी-मराठीची भेळ करत गप्पा मारल्या. आम्ही वर आलो तेव्हा दोघांचं बोअरवेलवर चाललं होतं. हा मुरणारा पट्टा बुऱ्हाणपूरचा एकट्याचा नाही ना, तोच पुढे रावेर, यावलपर्यंत आपल्या सातपुड्याच्या पायथ्याने जातो, आपली केळी त्याच साठलेल्या पाण्यावर उभी राहिली. अप्पांच्या लहानपणी विहिरीला वरूनच पाणी दिसायचं, आज बोअर मारायचं म्हटलं की आठशे-नऊशे फुटांची भाषा, आणि तरी लागेल की नाही ते मशीनवाला सांगत नाही. रहीमच्या माणसांनी वरच्यावर वाहणारं तेवढंच घेतलं, आपण तळ खरवडतोय. भावाचं यावर म्हणणं की तेव्हा शहर केवढं होतं आणि एकरी चौदाशे-पंधराशे केळीची खोडं कुठे होती, तेही खरं. गाडीत हा वाद खानापूर येईपर्यंत पुरला.

आता औरंगजेबाचं. हे मी मुद्दाम बायकांच्या घोळक्यात सांगितलं, आहूखान्यातच, डांगर कापता कापता. औरंगजेब शाहजादा असताना, दख्खनची सुभेदारी होती तेव्हाची गोष्ट. बुऱ्हाणपूरला त्याची मावशी राहायची, तिचा नवरा इथला मोठा सरदार. एकदा सगळा जनाना घेऊन हे या आहूखान्याच्या बागेत आले. मावशीच्या घोळक्यात हिराबाई नावाची एक गाणारी होती. आंब्याचं झाड फळांनी लगडलेलं, शाहजादा समोर उभा आहे याची काही फिकीर न करता तिने उडी मारून फांदीचा आंबा तोडला, आणि आपले औरंगजेबसाहेब तिथेच गार. 18व्या शतकात औरंगाबादेत मुघल सरदारांचा जो चरित्रकोश लिहिला गेला त्यात ही गोष्ट आहे, दुसरीकडे जी आहे तिच्यात ती फांदी धरून गुणगुणत उभी असते आणि हा चक्कर येऊनच पडतो. मावशीला गळ घालून त्याने तिला मागून घेतलं. पुढे तिने एकदा दारूचा पेला त्याच्या हातात दिला, तो आयुष्यात न पिणारा माणूस, तरी तिच्याखातर ओठाला लावणार इतक्यात तिनेच काढून घेतला, म्हणे मला फक्त बघायचं होतं. ती लवकर गेली. नाव मात्र झैनाबादी महल असंच राहिलं, याच गावावरून.

गोष्ट संपल्यावर वहिनी म्हणाली, म्हणजे कैरी होती का पिकलेला? आणि यावर खरंच गंभीर चर्चा झाली. माझं मत पिकलेला, कारण कैरीसाठी कोणी एवढं उडत नाही. काकूला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचं मत एकदम वेगळं, आखाजीच्या दिवसांत पोरी झोक्यावर चढल्या की त्यांना कोणाची भीडभाड नसते, शाहजादा असो नाहीतर सासरा. तिच्या लहानपणी मोठ्या कडुलिंबाला झोके बांधायचे आणि उंच गेलेल्या झोक्यावरून गौराईची गाणी म्हणत एकमेकींच्या माहेरची उणीदुणी काढायचे. आता कडुलिंब रस्ता रुंदीकरणात गेला. आहूखान्यात त्या जागी आंब्याचं झाड आम्ही फार शोधलं, बाभूळच सापडली.

दोन वाजता निघालो तेव्हा मुलीला राजाची छत्रीपण बघायची होती, कारण शाळेत पुरंदरचा तह झालाय. मिर्झाराजे जयसिंग, ज्यांनी 1665 ला तो तह केला, महाराज आग्र्याहून निसटल्यावर बादशहाच्या मनातून उतरले, परत बोलावणं आलं आणि जाता जाता 1667 मध्ये याच बुऱ्हाणपुरात गेले. त्यांची छत्री तापीच्याच काठी आहे. पण अप्पांचा चेहरा बघून ती पुढच्या वेळेसाठी ठेवली. महाल गुलाराही राहिला, तोही असाच शहराबाहेरचा, उतावली नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन महाल आणि मध्ये बांधावरून पडणारं पाणी, पण तिथे जायचं ते पाऊस झाल्यावर. माझा मे महिन्याचा नियम तिथे चालत नाही, कोरड्या बांधासमोर बसून काय करणार.

तुम्हाला जायचं असेल तर एवढं करा. भुसावळहून खंडवा लाईनची गाडी धरा किंवा रावेरवरून रस्त्याने या, तासाभराच्या आत बुऱ्हाणपूर. आहूखाना सकाळी आठला गाठा आणि ऊन चढेपर्यंत तिथेच थांबा, पळू नका. पाणी जितकं वाटतं त्याच्या दुप्पट न्या, त्यातलं थोडं पन्हळीवर ओतायला लागेल. बूट घाला, बाभळीचे काटे चपलेतून आरपार येतात, वहिनीला विचारा. एक मोठा सुती रुमाल हवाच. तिथे पाण्याची, सावलीत बसायच्या बाकांची वगैरे अपेक्षा ठेवू नका. भर दुपारी कुंडी भंडारा, पण लिफ्ट चालू आहे का ते आधी शहरात विचारून घ्या, वीज गेली की तीही थांबते. आणि परतताना मावा जलेबी. आपल्या जिलेबीशी तिचा काही संबंध नाही, काळपट, जाड, एक खाल्ली की दुसरीचा विचार करायला लागतो. आम्ही किलोभर घेतली आणि वर दराबाही घेतला, रवा-साखर-तूप फेटून फेटून केलेला, पण तो चोरवडच्या नाक्यापर्यंतही पोचला नाही, कारण मागच्या सीटवर डबा भाच्याच्या मांडीवर होता.